मामांचं दहा मैलांचं वर्तुळ

ध्रुवतारा कोल्हापुरात फार खाली असतो. क्षितिजापासून जेमतेम पावणेसतरा अंशांच्या आसपास. राजारामपुरीत आमच्या गच्चीवरून पूर्वी तो सहज दिसायचा. आता उत्तरेला समोर चार मजले उभे राहिलेत आणि उरलेल्या फटीत रस्त्याच्या दिव्यांचा उजेड भरलाय. पण १९९४ च्या डिसेंबरात तो दिसत होता, आणि रात्री नऊ वाजता मी आणि माझे मामा गच्चीवर लोखंडी खुर्ची टाकून त्याची उंची मोजत बसलो होतो. आई दोनदा जेवायला हाक मारून गेली होती.

मामा हवाई दलात नॅव्हिगेटर होते. पायलट नव्हे. हे ते प्रत्येक लग्नकार्यात प्रत्येकाला समजावून सांगायचे, कारण हवाई दल म्हटलं की लोक पायलटच समजतात. पायलट विमान उडवतो. विमान आत्ता कुठे आहे आणि पुढे कुठल्या दिशेला न्यायचं, हे नॅव्हिगेटर सांगतो. मामा लोहगावला लिबरेटर विमानांवर होते. दुसऱ्या महायुद्धानंतर ही चार इंजिनांची अवाढव्य विमानं कानपूरला मोडीत टाकून दिलेली होती. एचएएलच्या माणसांनी त्या भंगारातून ती एकेक करून पुन्हा उडती केली आणि आपल्या हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली. मला, उद्यमनगरातल्या वर्कशॉपवाल्याला, ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हापासून लिबरेटरबद्दल घरच्यासारखी माया आहे. आमच्याकडेही अर्धी यंत्रं अशीच उभी राहिलेली.

माझं शॉप छोटं आहे. दोन लेथ, एक मिलिंग, आणि पंपांचे शाफ्ट-बुश हे रोजचं काम. १९९३ साली मटेरियलसाठी मुंबईला गेलो असताना चोरबाजारात एक काळं, जड, चमत्कारिक यंत्र दिसलं. भिंगं, आरसा, बाजूला किल्लीचं घड्याळी यंत्र. विकणारा त्याला कॅमेरा म्हणत होता. साडेसातशे रुपये देऊन घेतलं. घरी आणल्यावर मामांनी ते हातात घेतलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, ‘‘मार्क नाइन. बबल सेक्स्टंट. अरे, याच्यावर माझी दहा वर्षं गेली.’’

ते दुरुस्त करायला मला वर्ष लागलं. घड्याळी यंत्रातलं एक चाक दात तुटलेलं होतं. ते महाद्वार रोडवरच्या एका वयस्कर घड्याळजींनी हाताने कापून दिलं आणि पैसे घेतले नाहीत. बुडबुड्याच्या डबीतला द्रव उडून गेला होता, तो भरताना तीनदा गळती लागली.

जहाजावरचा खलाशी सेक्स्टंटने तारा आणि समुद्राचं क्षितिज यांच्यामधला कोन मोजतो. विमानातून रात्री क्षितिज दिसत नाही, दिवसाही उंचावरून ते धूसर असतं. म्हणून या सेक्स्टंटमध्ये क्षितिजाच्या जागी पाणसळीसारखा एक बुडबुडा आहे. तारा बुडबुड्याच्या मधोमध आणायचा. पण विमान सारखं डोलत असतं आणि बुडबुडा त्याच्याबरोबर हलतो. एका क्षणाची नोंद म्हणजे काहीच नाही. त्यासाठीच ते घड्याळी यंत्र. दोन मिनिटं ते चालू ठेवायचं, तारा मध्यावर धरून ठेवायचा, आणि यंत्र त्या दोन मिनिटांत साठ वेळा कोन टिपून सरासरी काढून देतं. पाटीएवढ्या जागेत, विजेशिवाय, नुसत्या चाकांनी सरासरी! ते उघडून पाहिलं तेव्हा मी आमच्या दोन्ही कारागिरांना बोलावून दाखवलं होतं.

त्या रात्री गच्चीवर मामांनी दोन मिनिटं धरलं. आकडा आला. ध्रुवतारा अगदी ध्रुवावर नसतो, त्या वर्षी तो सुमारे पाऊण अंश बाजूला होता, आणि डिसेंबरात रात्री नऊच्या सुमाराला तो खऱ्या ध्रुवाच्या बरोबर डोक्यावर येतो. म्हणून पाऊण अंश वजा. हवा प्रकाश वाकवते, त्याची एवढ्या उंचीवर तीन मिनिटं वजा. (कोनाची मिनिटं. अंशाचा साठावा भाग.) उत्तर आलं १६ अंश ५१ मिनिटं. कोल्हापूर आहे १६ अंश ४२ मिनिटांवर. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. म्हणजे आम्ही नऊ मैल चुकलो होतो. आमची गच्ची उचलून पार वारणेच्या अंगाला नेऊन ठेवली होती.

माझं तोंड उतरलं. वर्षभराची मेहनत. मामा मात्र खुलले होते. ‘‘नऊ! विमानात दहा मैलांच्या आत आलं की आम्ही एकमेकांना पेढे द्यायचो.’’ आणि कागदावर कोल्हापूरच्या भोवती त्यांनी कंपासने एक वर्तुळ काढलं, दहा मैलांचं. ‘‘आपण या टिंबावर नाही. आपण या वर्तुळात कुठेतरी आहोत. नॅव्हिगेटरचं उत्तर हे असं असतं.’’

मला ते लगेच पटलं, कारण आमच्या धंद्यातही तसंच आहे. ड्रॉइंगवर नुसतं ‘२५ मिलिमीटर’ लिहून आलं तर मी जॉब घेत नाही. २५, अधिक-उणे किती? ते लिहिल्याशिवाय त्या २५ ला अर्थ नाही. नवशिका पोरगा ‘बरोब्बर २५ केलाय’ म्हणतो तेव्हा त्याला काहीच कळलेलं नसतं. मामांकडून पुढे जे जे ऐकलं, ते सगळं मी याच खुंटीवर टांगत गेलो.

त्यांचं खरं काम ताऱ्यांचं नव्हतंच. ते होतं डेड रेकनिंगचं, ते त्याला ‘डीआर’ म्हणत. शेवटची पक्की जागा, त्यानंतर किती वेळ झाला, विमानाचं तोंड कुठे आहे, हवेतला वेग किती. एवढ्यावरून नकाशावर पेन्सिलने पुढचं टिंब. सोपं आहे, फक्त वारा कळला पाहिजे. ३० नॉटचा, म्हणजे तासाला ३० सागरी मैलांचा, आडवा वारा चार तास लक्षात आला नाही तर विमान १२० मैल बाजूला गेलेलं असतं, आणि आत बसलेल्याला काहीही जाणवत नाही. हवेत तरंगणाऱ्याला हवा वाहतेय हे कसं कळणार?

म्हणून वारा शोधायचा. दिवसा समुद्राच्या लाटांवर फुटणारा पांढरा फेस बघायचा आणि ड्रिफ्ट साइटच्या रेघेशी ताडून विमान किती अंश तिरकं सरकतंय ते वाचायचं. मग मुद्दाम तोंड बदलून दुसऱ्या दिशेला काही मिनिटं, तिसऱ्या दिशेला काही मिनिटं. तीन दिशांचे तीन कोन मिळाले की वाऱ्याची दिशा आणि वेग निघतो. रात्री पाण्यावर जळणारा फ्लोट टाकायचा आणि शेपटीच्या टरेटमधल्या गनरने मागे सुटत जाणाऱ्या त्या ठिणगीचा कोन सांगायचा. मामा सांगायचे, काळोख्या रात्री अरबी समुद्रावर तो एकच ठिपका, आणि इंटरकॉमवर गनरचा आवाज: ‘‘चार डावीकडे... साडेचार...’’ हे सांगताना त्यांचा स्वतःचाही आवाज हळू व्हायचा.

शेवटच्या पक्क्या जागेपासून जसजसा वेळ जातो तसतसं वर्तुळ मोठं होत जातं. तारा मिळाला की ते आक्रसतं. ढग आले की पुन्हा फुगायला लागतं. आठ-दहा तासांच्या गस्तीत नॅव्हिगेटर सारखा त्या वर्तुळाचं जमाखर्च लिहीत बसलेला असतो.

ताऱ्यावरून रेखांश काढायचा तर वेळ अचूक लागते. पृथ्वी चार सेकंदांत कोनाचं एक मिनिट फिरते, म्हणजे घड्याळ चार सेकंद चुकलं तर कोल्हापुरात आपण पूर्व-पश्चिम जवळपास पावणेदोन किलोमीटर चुकलो. मामा निवृत्तीनंतरही रोज सकाळी शॉर्टवेव्हवर १० मेगाहर्ट्झला दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचं एटीए केंद्र लावून त्या टिकटिकीशी आपलं एचएमटी ताडायचे. घड्याळ पुढे-मागे करायचे नाहीत. फक्त वहीत लिहायचे: आज अधिक ११ सेकंद. ‘‘चूक माहीत असली की घड्याळ बरोबरच असतं,’’ हे त्यांचं म्हणणं. मामींना हे कधी पटलं नाही.

या विद्येतला मला सगळ्यात आवडलेला किस्सा फ्रान्सिस चिचेस्टर यांचा. १९३१ मध्ये हा माणूस न्यूझीलंडहून ऑस्ट्रेलियाला एकटा निघाला, जिप्सी मॉथ नावाच्या एका इंजिनाच्या छोट्या विमानाला तरंगणारे फ्लोट लावून. पल्ला एका दमात झेपण्यासारखा नव्हता, म्हणून वाटेत नॉरफोक बेट गाठायचं. अफाट समुद्र आणि त्यात एक ठिपका. स्वतःच विमान सांभाळायचं आणि स्वतःच सेक्स्टंटने सूर्य मोजायचा. सरळ बेटाच्या दिशेने गेलं आणि वेळ झाल्यावर बेट दिसलं नाही, तर ते डावीकडे राहिलं की उजवीकडे? तेच कळणार नाही, आणि शोधण्याइतकं पेट्रोल नाही. म्हणून चिचेस्टर मुद्दाम चुकले. बेटाच्या एका बाजूला पुरेसं अंतर ठेवून गेले, इतकं की आपली सगळी संभाव्य चूक धरूनही आपण त्याच बाजूला आहोत याची खात्री राहावी. सूर्याचा एक कोन नेमकी जागा देत नाही, आपण कुठल्या रेघेवर आहोत एवढंच सांगतो. मग बेटातून जाणारी ती रेघ गाठली की डोळे मिटून ठरलेल्या बाजूला वळायचं. बेट त्या रेघेवर असणारच. आणि होतं.

आमच्याकडे टर्नर शाफ्टला शेवटच्या कापासाठी मटेरियल ठेवतो, ते हेच. आधीच मापावर जायचा प्रयत्न केला तर चूक कुठल्याही बाजूला होईल, आणि एकदा कमी झालेला शाफ्ट वाढवता येत नाही. ठरवून मोठा ठेवला की चूक कुठल्या बाजूची ते आपल्या हातात राहतं.

त्याच्या सहा वर्षांनी, २ जुलै १९३७ ला, अमेरिकन वैमानिक अमेलिया इअरहार्ट आणि त्यांचे नॅव्हिगेटर फ्रेड नूनन पॅसिफिकमधल्या हाउलँड बेटाकडे निघाले. बेट जेमतेम अडीच किलोमीटर लांब. त्याआधी जूनमध्येच ते आपल्याकडे कराचीहून कलकत्त्यावरून गेले होते. हाउलँड त्यांना सापडलंच नाही. शेवटच्या संदेशांत त्यांनी आपण १५७-३३७ अंशांच्या रेघेवर आहोत असं कळवलं होतं. रेघ होती. रेघेवर नेमके कुठे, ते नव्हतं. मामा या विषयावर एवढंच बोलून थांबायचे. नूननबद्दल कुणी वावगं बोललेलं त्यांना खपत नसे.

रेडिओने काम सोपं केलं, पण चुका नाहीशा केल्या नाहीत, वेगळ्या आणल्या. मामांच्या विमानात रेडिओ कंपास होता. एखादं मीडियम वेव्ह केंद्र लावलं की सुई त्या दिशेला वळते. परतताना ते मुंबई ‘ब’ लावायचे. कानात नाट्यसंगीत, आणि सुई घराकडे. पण दिवेलागणीला वातावरणाच्या वरच्या थरावरून परतलेल्या लहरी मिसळायला लागल्या की सुई झुलू लागते, आणि किनारा ओलांडताना लहर थोडी वाकते ती वेगळीच. त्या वेळच्या दिशेपुढे ते वहीत प्रश्नचिन्ह काढायचे.

जर्मनांनी युद्धात काढलेली आणि नंतर कन्सोल या नावाने युरोपात चाललेली एक पद्धत तर नुसत्या कानाची. साधा रेडिओ लावायचा आणि आखूड-लांब आवाजांची टिंबं-रेघा मोजायच्या, त्यावरून केंद्रापासूनची दिशा निघते. एकूण ६० व्हायला हव्यात. ५६ च मोजल्या गेल्या, तर ४ मधल्या गुळगुळीत आवाजात बुडाल्या, दोन इकडे आणि दोन तिकडे वाटून टाकायच्या. किती हरवलं तेही मोजणारी ही पद्धत मला फार सुंदर वाटते.

लोरान ही रेडिओवरून जागा काढायची आणखी एक पद्धत. ती समजावून सांगायला मला मामांपेक्षा शाहू मिलचा भोंगा उपयोगी पडला. समजा मिलचा भोंगा आणि दुसऱ्या टोकाच्या एखाद्या कारखान्याचा भोंगा एकाच क्षणी वाजले. मधोमध उभ्या माणसाला ते एकदमच ऐकू येतील. मिलजवळच्याला मिलचा आधी. दोन आवाजांमधलं अंतर मोजलं, तर आपण कुणाच्या किती जवळ ते कळतं, आणि तेवढंच अंतर ऐकू येणाऱ्या सगळ्या जागा जोडल्या की नकाशावर एक वक्र रेघ मिळते. भोंग्यांची दुसरी जोडी घेतली की दुसरी रेघ. जिथे छेदतील तिथे आपण. लोरानमध्ये भोंग्यांच्या जागी शेकडो मैल दूर असलेली रेडिओ केंद्रं, आणि मोजायचे ते मायक्रोसेकंद. एका मायक्रोसेकंदात लहर ३०० मीटर जाते. अमेरिकेत एमआयटीच्या रेडिएशन लॅबोरेटरीत, आल्फ्रेड लूमिस यांच्या कल्पनेतून हे युद्धाच्या ऐन धामधुमीत उभं राहिलं. समुद्रावर दिवसा सहा-सातशे मैल आणि रात्री त्याच्या दुप्पट पल्ला. पुढे १०० किलोहर्ट्झवरचं लोरान-सी आलं. आपल्या पश्चिम किनाऱ्यालाही ध्रांगध्रा, वेरावळ आणि बिलिमोरा अशी त्याची साखळी होती. मामांच्या वाट्याला मात्र यातलं काही आलं नाही. त्यांचं सगळं पेन्सिल, तारे आणि फेस यांच्यावरच.

ओमेगाही त्यांनी वापरली नव्हती, पण अभ्यासली होती, आणि तिच्यावर त्यांचा जीव होता. हार्वर्डच्या जॉन पिअर्स यांनी मांडलेली ही पद्धत. साऱ्या पृथ्वीला फक्त आठ केंद्रं: नॉर्वे, लायबेरिया, हवाई, नॉर्थ डकोटा, रियुनियन बेट, अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया आणि जपानचं त्सुशिमा. लहर इतकी लांब की जमीन आणि वरचा आयनांचा थर यांच्यामधल्या पोकळीतून ती हजारो किलोमीटर सरकत जाते. १०.२ किलोहर्ट्झ. एका लहरीची लांबी २९ किलोमीटरांहून जास्त. प्रत्येक केंद्रात सिझियमचं आण्विक घड्याळ, आणि दर दहा सेकंदांत आठही केंद्रं ठरलेल्या क्रमाने आपापली पाळी घेणार.

अडचण एकच. यंत्र दोन केंद्रांच्या लहरींमधला टप्प्याचा फरक मोजतं, पण तो फरक दर आठ मैलांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. म्हणजे आपण पट्ट्यात कुठे आहोत ते कळतं, कितव्या पट्ट्यात ते कळत नाही. ज्याने कधी मायक्रोमीटर हातात धरलाय त्याला हे सांगावं लागणार नाही. थिंबलच्या, म्हणजे त्याच्या फिरत्या टोपीच्या, एका फेऱ्यात अर्धा मिलिमीटर. थिंबलवरचा आकडा अगदी बरोबर वाचला पण दांडीवरची एक रेघ नजरेतून सुटली, की जॉब अर्ध्या मिलिमीटरने गेला. आमच्याकडे येणारं प्रत्येक पोरगं पहिल्या महिन्यात हीच चूक करतं. ओमेगावाल्या विमानाने निघाल्यापासून पट्टे मोजत जायचं. मध्येच विजांच्या कडकडाटात सिग्नल तुटला आणि एक पट्टा निसटला, तर पुढचं सगळं उत्तर दिसायला चोख आणि आठ मैलांनी चूक. म्हणून १३.६ किलोहर्ट्झची दुसरी लहरही पाठवत. दोन्ही मिळून चोवीस मैलांचा मोठा पट्टा धरता येतो, त्यात पूर्वीचे तीन बसतात.

मग इनर्शियल नॅव्हिगेशन आलं आणि नॅव्हिगेटरची खुर्चीच गेली. बाहेरचं काहीच नको. तारा नको, केंद्र नको. जायरो, म्हणजे भोवऱ्यासारखी फिरती चाकं, दिशा धरून ठेवतात, त्यावर बसवलेली यंत्रं विमानाला बसणारा प्रत्येक धक्का मोजतात, धक्क्यांची बेरीज केली की वेग, वेगाची बेरीज केली की अंतर. एमआयटीच्या चार्ल्स स्टार्क ड्रेपर यांनी १९५३ मध्ये बी-२९ विमानात सव्वा टनाचं असं यंत्र घालून मॅसॅच्युसेट्सहून लॉस एंजेलिसपर्यंत नेलं. १९७० मध्ये जंबो जेट आलं ते तीन-तीन यंत्रं घेऊनच. मला यात सगळ्यात भारी वाटतं ते बेअरिंग. जायरोच्या बेअरिंगमध्ये कणभर घर्षण, की तो किंचित ढळतो. तो ढळला की बेरजेत चूक, आणि बेरजेच्या बेरजेत चुकीची चूक. तरीही तासाला एक-दोन मैलांच्या आत ती आवरलेली. ज्या हातांनी ती बेअरिंगं लॅप केली, म्हणजे घासून गुळगुळीत केली, असतील त्यांच्यापुढे मी मान लववतो.

मामांचा एक सोबती नागरी विमानांवर नॅव्हिगेटर होता. जंबोनंतर त्याला ऑफिसात टेबल दिलं. मामा त्याला भेटून आले तेव्हा दोन दिवस गप्प होते.

त्यांच्याकडे एक पिवळं पडलेलं कात्रण होतं, जानेवारी १९६६ चं. २४ तारखेला एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ हे ७०७ विमान जिनिव्हाला उतरताना माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं. ११७ माणसं गेली, त्यांत होमी भाभा. चौकशीत निघालं ते असं: दिशा सांगणाऱ्या दोन व्हीओआर रिसीव्हरांपैकी एक बैरुतहून निघतानाच नादुरुस्त होता, पर्वताच्या संदर्भात आपण कुठे आहोत हा अंदाज कॉकपिटमध्ये चुकला, खाली रडारवर बसलेल्याला चूक दिसली आणि त्याने सांगितलंही, पण ते पुरेशा नेमक्या शब्दांत नव्हतं. शिखर मागे पडलं असं वरच्यांना वाटलं आणि ते उतरत राहिले. मामा म्हणायचे, ‘‘एक यंत्र बंद पडलं की वर्तुळ मोठं होतं रे. ते कागदावर मोठं काढावं लागतं. मनातल्या मनात ते मोठं होत नाही.’’

१९९७ च्या सप्टेंबरात ओमेगा कायमची बंद होणार असल्याचं मामांना कुठूनसं कळलं. ३० तारीख. उपग्रह आले होते, गरज संपली होती. १०.२ किलोहर्ट्झ ही रेडिओची लहर असली तरी वारंवारता माणसाच्या कानाच्या टप्प्यातली. गुंडाळी आणि ॲम्प्लिफायर असला की ती थेट शिट्टीसारखी ऐकू येते. मामा म्हणाले, एकदा ऐकायची. लक्ष्मीपुरीतल्या माझ्या एका रेडिओवाल्या मित्राने मीटरभर लांबीच्या लाकडी चौकटीवर तांब्याच्या तारेचे दोनशे वेढे घालून दिले आणि कंडेन्सर लावून ट्यून केलं. गावात विजेच्या तारांच्या घरघरीपुढे काहीच लागेना. म्हणून शनिवारी, २७ तारखेला, व्हॅनमध्ये सगळं घालून आम्ही पन्हाळ्याच्या पुढे मसाई पठारावर गेलो.

पितृपंधरवडा होता, अमावास्या जवळ आलेली. पठारावर एक दिवा नाही. १६६० च्या आषाढात महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून रात्रीचे विशाळगडाकडे निघाले ते याच अंगाने. गवत ओलं होतं आणि वारा इतका, की चौकट धरायला माझा थोरला मुलगा लागला.

हेडफोनमध्ये आधी नुसतं तडतडणं, कुठल्या तरी समुद्रावरच्या विजांचं. मग त्याच्या मागे एक बारीक शिट्टी. थांबली. काही पुसट शिट्ट्या, मग पुन्हा ती ठळक. बरोबर दहा सेकंदांनी. मी ओरडलोच. हेडफोन मामांच्या कानाला लावला. त्यांनी बराच वेळ ऐकलं आणि मान हलवली. दहा वर्षं लिबरेटरच्या चार इंजिनांशेजारी बसलेले कान. इतका वरचा स्वर त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता.

मी त्यांचा तळवा हातात घेतला. शिट्टी सुरू झाली की बोटाने दाबायचं, संपली की सोडायचं. त्यांनी दुसऱ्या हातात स्टॉपवॉच धरलं. एकदा नाही, वीसदा. ‘‘सरासरी काढायची,’’ म्हणाले. टॉर्चच्या उजेडात बेरीज केली. १.१ सेकंद. वहीत आधीच उतरवलेला तक्ता काढला: आठ पाळ्या, प्रत्येकीची लांबी ठरलेली. ‘‘एक दशांश एक म्हणजे तिसरी किंवा पाचवी. तिसरी हवाई. ती इतकी मोठी यायची नाही. पाचवी. रियुनियन.’’ तिथून मसाई पठार सुमारे ४,७०० किलोमीटर.

मग मुलाला चौकट हळूहळू फिरवायला सांगितली. शिट्टी जिथे अगदी नाहीशी झाली तिथे थांबवलं. व्हॅनपासून लांब जाऊन मामांनी होकायंत्र धरलं आणि चौकटीच्या काटकोनातली दिशा वाचली: २१५ अंश. किंवा तिच्या बरोबर उलट, ३५; पण तिकडे केंद्रच नाही. नकाशावरून खरी दिशा निघत होती २०७. आठ अंशांची चूक. साठ मैलांवर एक अंश म्हणजे एक मैल, हा त्यांचा नेहमीचा आडाखा; अडीच हजार मैलांवर आठ अंश म्हणजे सव्वातीनशे मैलांच्या वर.

व्हॅनच्या बॉनेटवर नकाशा पसरून त्यांनी रियुनियनपासून आमच्यापर्यंत पेन्सिलने एक रेघ ओढली, दोन्ही बाजूंना तुटक रेघांनी सव्वातीनशे मैलांची हद्द आखली, आणि रेघेवर बारीक अक्षरात तारीख, वेळ आणि ‘२१५, अधिक-उणे ८’ असं लिहिलं. नकाशा आता सेक्स्टंटच्या पेटीत घडी करून ठेवलाय. पेन्सिल पुसट होत चालली आहे, म्हणून मी त्याच्यावर प्लॅस्टिकचा कागद घातला.